गंजाचाच पहारा

इकडे न्यूझीलंडात मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्याआधी आमच्या शेजाऱ्यांनी वडिलांची दुनळी बंदूक कपाटातून काढली, तर नळ्या तांबड्या गंजलेल्या! परवाना त्यांचा, म्हणून काम त्यांचेच; आम्ही नुसते पाहत बसलो.

बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून त्यांनी नळ्या सुट्या केल्या. जुना गंज काढला, तेलकटपणा धुतला. हातमोजे घातले, कारण बोटांचाही डाग पडतो. मग औषध पुसून मुद्दाम नवा, बारीक गंज चढवला आणि नळ्या उकळत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवल्या. मुलांनो, तांबडा गंज काळा झाला की हो! वरची भुकटी घासायची, पुन्हा गंजवायचे, पुन्हा उकळायचे. असे सहा-सात वेळा. कढत क्षारांची झटपट रीत आहे, पण तिने नळ्या जोडणारे डाख सुटतात.

तांबडा गंज लोखंड खातो, काळा त्याला राखतो. नर्सिंग शिकताना आम्ही एकदा उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घालायला विसरलो. कात्र्या गंजल्या आणि मेट्रनबाईंची बोलणी खाल्ली!

शेवटी तेलाचा हात हवाच. काळा थर तेल धरून ठेवतो. कोकणात घाणा चालवणारे, शनिवारी तो बंद ठेवणारे आपले शनवार तेली आठवले.

शेजारी म्हणाले, "बार नाही काढला तरी चालेल. बाबांची वस्तू वाचली." आणि बंदूक पुन्हा कुलपात गेली.