मलपृष्ठावरून लिहिलेली परीक्षणं

साप्ताहिक स्तंभ : वाचता वाचता

शाळेतल्या पुस्तक परीक्षणाचा साचा पक्का आहे. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, मग दहा ओळींचा सारांश आणि शेवटी ‘हे पुस्तक सर्वांनी जरूर वाचावे’. एवढं लिहायला मलपृष्ठ पुरतं. महाराष्ट्रात २०१५पासून डॉ. कलामांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, तेव्हा तर अशा कागदांचे गठ्ठेच जमतात.

यावर हल्ली सुचवला जाणारा उतारा म्हणजे ‘सर्जनशील प्रतिसाद’. पण त्यातही बनवाबनवी चालतेच. नवं मुखपृष्ठ रंगवा, नायकाचं चित्र काढा, पुठ्ठ्याचा देखावा करा (तो बहुधा आईच करते). एखादा उपक्रम घेण्याजोगा आहे की नाही, हे एका प्रश्नावर ठरवावं : पुस्तक न वाचता तो जमतो का? जमत असेल तर ती हस्तकला. हस्तकलेलाही शाळेत तास असतोच.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. ‘श्यामच्या आईचे गुण लिहा’ या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात पुस्तक न उघडताही देता येतं. त्याऐवजी असं विचारावं : श्यामच्या घरी वसुलीला आलेला सावकाराचा माणूस त्या रात्री आपल्या बायकोला काय सांगेल? आता मुलाला ते प्रकरण पुन्हा काढावं लागतं. कोण काय बोललं, आई कशावर चिडली, ऐकायला कोण होतं? एखादी मुलगी त्या माणसाला खजील दाखवेल, एखादा मुलगा फुशारक्या मारायला लावेल. दोन्ही चालेल, मात्र मजकुरातला आधार दाखवता आला पाहिजे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ला (१९५५) नकाशा शोभतो. माणदेशातली धनगरांची वाडी, एकशिक्षकी शाळा, मास्तरांच्या खटपटीतून उभी राहिलेली तालीम. वर्गाने मिळून वाडी कागदावर मांडावी आणि दुष्काळ पडल्यावर कोणतं घर ओस पडतं ते खोडत जावं. कादंबरी इतक्या बारकाईने मोठी माणसंही क्वचितच वाचतात.

भा. रा. भागवतांच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणेच्या खिशात मोबाइल ठेवून पाहणं तर गंमतच आहे. कोणतं साहस दुसऱ्याच पानावर आटोपतं आणि कोणतं तरीही टिकतं? २०१७च्या चित्रपटात बनेश फेणे आजच्या पुण्यात आणला गेला, भागवतही त्यात एक पात्र म्हणून आले. तोही एका जुन्या पुस्तकमालिकेला दिलेला प्रतिसादच.

अमेरिकेत लेखक जेम्स केनेडी यांनी २०११मध्ये मुलांसाठी एक चित्रपट महोत्सव सुरू केला. बालसाहित्यासाठीच्या न्यूबेरी पुरस्काराचं पुस्तक साधारण ९० सेकंदांत सांगायचं, एवढीच अट. दोनशे पानांतलं काय गाळायचं हे ठरवताना मुलं जे भांडतात, ते खरं परीक्षण. आपल्याकडे याला कॅमेराही लागू नये; दीड मिनिटाची नाटुकली बाकांमधल्या जागेत होते.

साठ मुलांचा वर्ग आणि पुस्तकाची एकच प्रत, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. तिथे मोठ्याने वाचून गप्पा माराव्यात. ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांनी ‘टेल मी’ या पुस्तकात चार मूलभूत प्रश्न पुढे ठेवले : काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कोड्यात टाकून गेलं, काय पुन्हा पुन्हा येताना दिसलं? ‘का आवडलं?’ असं थेट विचारणं ते टाळतात, कारण त्याने उलटतपासणी झाल्यासारखं वाटतं. आपल्या वर्गांत ‘नाही आवडलं’ म्हणायची मुभा द्यायला मात्र शिक्षकांना थोडं धाडस लागेल, विशेषतः पुस्तक साने गुरुजींचं असेल तेव्हा.

आणि गुण? ते देऊच नयेत. वाटल्यास ग्रंथालयातल्या प्रतीच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवावा आणि प्रत्येक वाचकाने पुढच्यासाठी त्यावर एक प्रश्न लिहावा. खर्च डिंकाचा.

– पाठकोरा