पेट्रोलचा वास आणि लिंबू-मिरची



अशोक विजयादशमी जवळ आली की वस्तीवस्तीतून जुन्या ओम्नी गाड्या दीक्षाभूमीच्या वाटेला लागतात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, ओम्नीचे २०१९ साली. पण आपल्या माणसांकडे या गाड्या अजून आहेत. भाजी आणणे, वऱ्हाड पोचवणे, मालाच्या फेऱ्या. एकेका गाडीवर दोन-दोन चुली पेटतात. अशा गाडीत मागे बसलेली बाई म्हणते, "अहो, पेट्रोलचा वास येतोय." चालवणारा म्हणतो, "जुनी गाडी आहे, येणारच." रोज त्याच वासात बसणाऱ्याच्या नाकाला तो कळेनासा होतो, म्हणून बायका-मुलांचे ऐकावे. त्यातून ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखालीच! गळती तिथे असली तर आपण तिच्यावरच बसलेले असतो.

वास केव्हा येतो हे आधी पाहावे. टाकी फुल्ल केल्यावरच येत असेल तर झाकण, पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी जोड किंवा टाकीच्या वरचे पाइप पाहावेत. गाडी चालू असताना येत असेल तर पंपापासून इंजिनापर्यंतचा पाइप, कारण तिथे दाब असतो. कार्बोरेटरच्या गाडीत तापलेले इंजिन बंद केल्यावर वास सुटला तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असण्याचा संभव असतो.

गरम इंजिनावर पडलेले पेट्रोल लगेच उडून जाते. म्हणून रात्री गाडी मोकळ्या जागी लावून खाली कोरा पुठ्ठा पसरावा आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी बघावा. काळा चिकट डाग ऑइलचा. पेट्रोलचा डाग वाळतो, पण वास पुठ्ठ्यात राहतो. मग थंड इंजिनावर, दिवसाउजेडी पाइपावरून नजर फिरवावी. सगळीकडे धूळ आणि एखादाच तुकडा धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर गळती तिथे किंवा त्याच्या जरा वर. क्लिपजवळ रबर हलके वाकवले की बारीक चिरा दिसतात. खालचा लोखंडी पाइप जिथे क्लॅम्पने धरलेला असतो, तिथे चिखल साचून गंज धरतो. गाडीखाली शिरायचे तर नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नये. आणि काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. लांबची पेटती काडीसुद्धा पुरते.

२०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते लवकर खराब होऊ शकते, तेव्हा जुने पाइप वरून बरे दिसले तरी तपासून घ्यावेत.

बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्यांच्या गाडीलाही शनिवारी लिंबू-मिरची लटकलेली दिसते. कारणाशिवाय काही घडत नाही असे विहारात ऐकायचे, आणि वर्षाला लिंबावर घालवलेल्या पैशात पाइप आला असता तो मात्र बदलायचा नाही, हा कसला हिशेब?

गळती सापडली की गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, मेकॅनिकला बोलवावे. एमसील, सायकलची ट्यूब, पाण्याचा पाइप हे उपाय चालत नाहीत. पेट्रोलसाठीच बनवलेला पाइप आणि नव्या क्लिपाच घालाव्यात. इंजेक्शनच्या गाडीत दाब कार्बोरेटरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त असतो, तिला त्या दाबाचाच पाइप लागतो. बदललेला जुना पाइप मागून घ्यावा, पावतीही घ्यावी. तोंडाने पेट्रोल ओढून काढू नये. ते फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. गॅस किट असलेल्या गाडीला गॅसचा वास आला तर स्वतः हात न लावता अधिकृत केंद्राचा माणूस बोलवावा.

नागपूरला निघताना पावडरचा छोटा अग्निशामक सीटजवळ ठेवावा, सामानाखाली नव्हे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये, पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरते. आधी गाडी थांबवून मुलांना खाली उतरवावे, मग बाकीचे.