अंगण वाकडे नव्हते!

संगणकाने घोटाळा केला, हे वाक्य हल्ली कोणत्याही कचेरीत ऐकावयास मिळते. निकाल लांबला, दाखला अडला, की यंत्राला दोष देऊन सारे मोकळे होतात. यंत्राला प्रतिवाद करता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुंबई विद्यापीठात २०१७ साली काय घडले, ते आठवावे. ४७७ परीक्षांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे विद्यापीठाने ठरविले. गठ्ठ्यांची ने-आण टळावी, बेरजेच्या चुका होऊ नयेत, हा हेतू स्तुत्यच होता. परंतु कंत्राटाचा निर्णय झाला एप्रिलच्या अखेरीस, आणि तोवर परीक्षा सुरूही होऊन गेल्या होत्या! लक्षावधी उत्तरपत्रिकांची पाने यंत्रात उतरवावयाची, प्रत्येक पान ज्याचे त्याच्याशी जुळवावयाचे, हजारो प्राध्यापकांना नवी रीत शिकवावयाची, आणि निकाल मात्र कायद्याप्रमाणे फार तर ४५ दिवसांत लावावयाचे! व्हावयाचे तेच झाले. जुलैत अध्यापन थांबवून प्राध्यापकांना तपासणीस बसवावे लागले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, आणि अखेरचे निकाल लागेतो सप्टेंबर उजाडला. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. परंतु निकालाअभावी ज्या विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले, त्यांचा गेलेला काळ त्यामुळे थोडाच परत मिळाला?

यंत्र आपल्या देशाला मानवत नाही, असे कोणी यावरून म्हणेल, तर त्याने रेल्वेकडे पाहावे. सवलती, राखीव जागा, प्रतीक्षायादी यांचे रेल्वेइतके किचकट नियम क्वचितच कोठे असतील. तरी १९८६ साली दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले, ते टिकले आणि वाढले. रेल्वेने या कामासाठी स्वतःची संस्था उभारली. पुढची आज्ञावली १९९४ साली प्रथम सिकंदराबादेस चालवून पाहिली, आणि दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली ती १९९९ साली. म्हणजे तेरा वर्षे लागली! पण त्या धिमेपणाचे फळ आज कोट्यवधी प्रवासी घेत आहेत.

तेव्हा प्रश्न यंत्राचा नसून ते आणणाऱ्यांच्या सबुरीचा आहे. जो कारकून खिडकीवर बसणार, जो प्राध्यापक पडद्यासमोर बसणार, त्याला आधी विचारावे. नवी रीत एका शाखेत पारखून मगच दुसरीकडे न्यावी. ती एक हंगाम निभावल्याखेरीज जुनी वही मिटू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, ‘अजून तयारी झालेली नाही’ असे वरिष्ठांच्या तोंडावर सांगण्याचा अधिकार कोणा एका जबाबदार माणसाला असावा, व ते सांगितल्याबद्दल त्याला शिक्षा होऊ नये. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून कामाला तिच्यामागे फरपटत नेण्याची आपल्याकडील खोड जाईल, तर निम्मे घोटाळे जन्मालाच येणार नाहीत.

नाचता येईना त्याला अंगण वाकडे, ही म्हण आपल्या राज्यकर्त्यांना ठाऊक असेलच. हे अंगण तर त्यांनीच सारवून घेतलेले होते. ते वाळेपर्यंत थांबावयाचे मात्र राहून गेले!