पहिलं काम माटोळीचं

सुतारकामाची हौस जडलेला माणूस पहिल्या फटक्यात टीपॉय करायला घेतो, नाहीतर पुस्तकांचं कपाट. मोबाइलवरच्या व्हिडिओत ते अर्ध्या तासात उभं राहतं. त्या व्हिडिओतल्या माणसाच्या गॅरेजमध्ये जून-जुलै कधी आलेले नसतात. आमच्या गोव्यातल्या हळर्णात ते दरवर्षी येतात आणि शापोरा नदीच्या काठाला जरा जास्तच मुक्काम ठोकतात. मे महिन्यात चोख बसवलेला ड्रॉवर आषाढात दोन्ही हातांनी ओढला तरी हलत नाही. म्हणून पेडणे-डिचोलीकडच्या हौशी मंडळींना माझा सल्ला असा की टीपॉय राहू द्या, पहिली माटोळी करा.

माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट. सिंधुदुर्गात तिलाच माटवी म्हणतात. तिला नारळ, सुपारीचा कातरा, तोरिंजन, काकडी, चिबूड, कवंडळ, कांगण्या, घागऱ्या, शेरवड असं काय काय बांधलं जातं. कला आणि संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं. तिथे कोणी किती रानफळं मिळवली आणि त्यांची मांडणी कशी केली याची चर्चा होते, खालची चौकट कोणी बांधली हे कोणी विचारत नाही. नवशिक्याला याहून सोयीचं काय हवं? सांध्यात फट राहिली तर तिच्यासमोर तोरिंजन लोंबत असतं.

पण चौकट दिसत नसली तरी काम फसवं नाही. टीपॉयवर चहाचे दोन कप असतात. माटोळीवर सोडणासकट नारळ, केळीचा घड, काकड्या, असा भार गणपती असेपर्यंत लटकतो, आणि खाली मूर्ती असते. त्यामुळे सांधा नीट बसला की नाही याची परीक्षा लगेच होते.

लाकूड कुठलं? विकत आणूच नये. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला, त्याच्या आधीपासूनच तालुक्यात जुनी कौलारू घरं उतरवून स्लॅब घालायची घाई चालली आहे. कोरीव दरवाजे जुन्या वस्तूंचे व्यापारी लगेच उचलतात. रिपा मात्र मागच्या पडवीत पडून राहतात आणि शेवटी चुलीत जातात. कौलांखाली दोन पिढ्या सुकलेलं हे लाकूड. कच्च्या फळीला सावलीत सुकायला दर इंच जाडीमागे साधारण वर्ष लागतं असा जुना हिशेब आहे. रिपेचा तो हिशेब केव्हाच चुकता झालेला असतो. आत खिळे राहिलेले असतात, तेवढे लोहचुंबक फिरवून शोधायचे, नाहीतर रंध्याच्या पात्याची वाट लागते. परसातलं झाड पाडून लाकूड करावं असा विचार कोणाच्या मनात असेल, तर 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा वाचून घ्यावा, परवानगी लागते. (माडाला 2016 मध्ये सरकारने झाडांच्या यादीतून काढलं होतं, लोक भडकले, आणि पुढच्या वर्षी तो राज्यवृक्ष होऊन परत आला. माडाचा रुबाबच तसा आहे.)

मला शिकवणारे मेस्त, म्हणजे सुतार, हळर्णच्या किल्ल्याच्या वाटेवर राहतात. हा किल्ला 1746 साली घेणाऱ्या पोर्तुगीज विजरईला पुढे ‘हळर्णचा मार्कीझ’ हा किताब मिळाला, आणि पोर्तुगालात आजही हळर्णच्या नावाची वाईन निघते. मेस्तांना त्याचं काही नाही. त्यांचा सगळा जीव लाकडाच्या रेघांत. मी करवत हातात घेतली की म्हणतात, “लांकूड पळय रे, मागीर काप.” रेषा कुठल्या बाजूला धावतात, गाठ कुठे आहे, फळी कुठल्या अंगाने वाकली आहे, हे पाहून झाल्याशिवाय त्यांच्या पुढ्यात कापायची सोय नाही.

रीप दोन इंच रुंद आणि एक इंच जाड. मी ती सपाट ठेवली, मेस्तांनी उचलून तिच्या कडेवर उभी केली. कारण सोपं आहे. वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो. तीच रीप कडेवर उभी केली की सपाट ठेवल्यापेक्षा चौपट ताठ राहते, आणि एक दमडीही जास्त लागत नाही.

मग दोन रिपा एकमेकींना छेदतात तिथे निम्मी-निम्मी खाच पाडायची, एक इंच रुंद, एक इंच खोल. लांब दांड्याची खाच वरून आणि आडव्याची खालून. वजन पडलं की दांड्याची वरची बाजू आवळली जाते आणि खालची ताणली जाते. वरून पाडलेली खाच दुसऱ्या रिपेने गच्च भरली की आवळणं तीच झेलते, आणि ताण घेणारे खालचे तंतू तुटत नाहीत. उलट केलं तर खाच खालून उघडते आणि दांडा तिथेच मोडतो. कोणी पुस्तकात वाचलं असेल-नसेल, पण मेस्तांच्या हातून उलटी खाच पडत नाही.

आखणी पेन्सिलने नव्हे, चाकूच्या टोकाने. पेन्सिलच्या रेघेलाही जाडी असते. चाकूने तंतू कापले जातात आणि पटाशीला टेकायला काठ मिळतो. करवत रेघेच्या आतल्या, टाकाऊ बाजूने चालवायची. दोन्ही बाजूंनी कापून झालं की मधला तुकडा पटाशीने काढायचा, पण एका दमात नाही, अर्ध्यापर्यंत एकीकडून आणि उरलेला दुसरीकडून, नाहीतर मागच्या कडेचा कपचा उडतो. जपानी सुतार करवत ओढताना कापतात, म्हणून त्यांचं पातं बारीक असलं तरी चालतं. आमची करवत ढकलताना कापते, मनगट जरा वाकलं की तीही वाकडी जाते. हात बसेपर्यंत रिपेचे तुकडे वाया घालवायला पुष्कळ मिळतात. नव्या सागाच्या फळीवर ही चैन परवडत नाही.

आता आषाढातल्या ड्रॉवरकडे येतो. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आटतं. साग यात बराच सोज्वळ, तरी आठ इंच उंचीची सागाची फळी आमच्या पावसाळ्यात दीड-दोन मिलिमीटर वाढते. म्हणजे मे महिन्यात घट्ट बसवलेलं जुलैत अडकणार आणि जुलैत घट्ट बसवलेलं मार्चमध्ये खडखडणार. ज्याला हे अंदाज बांधता येतात तो सुतार. आपल्यासारख्यांनी पावसात करायचं आणि पावसातच वापरायचं. माटोळी आषाढ-श्रावणात होते आणि भाद्रपदात टांगली जाते. हवा तीच, दमटपणा तोच, सांधा जसा बसवला तसाच राहतो. म्हणून तर ती पहिली.

डिंक लावू नये. ओल्या पानांचं पाणी सतत गळत असतं, साधा पांढरा डिंक त्यात मऊ पडतो. शिवाय चौकट सुटी करता आली पाहिजे. कोपऱ्यांना लाकडी पाचर आणि वरून केवणीचा दोर पुरे. खिळा गंजला की त्याचा काळा डाग लाकडात उतरतो, तो कायमचा.

राहिली वाळवी. इथे जरा धर्मसंकट आहे. गावोगावी सातेरीच्या रूपात आपण वारूळ पुजतो, आणि त्याच वारुळातली मंडळी माळ्यावर ठेवलेली चौकट वर्षभरात फस्त करतात. जुने लोक कपाटांच्या पायांना काजूच्या टरफलाचं काळं तेल चोपडत. वाळवी फिरकत नाही, पण हाताला लागलं तर कातडी सोलवटते. माटोळीला ते नको, तिच्यावर घरातल्या पोरांचे हात पडतात. तिला चुलीच्या वर, धुरात ठेवणं उत्तम. चूलच नसेल तर भिंतीपासून हात-दीड हात दूर, तारेने टांगून.

स्लॅबचं घर बांधणाऱ्यांना एक आठवण. काँक्रीट ओतायच्या आधी कड्या घालून घ्या, देवाच्या खोलीत चार. नंतर ड्रिल मारून घातलेल्या हुकावर एवढा भार टांगण्याची हिंमत मेस्त करत नाहीत, मीही करणार नाही.

विसर्जन झालं की पाचरी काढून रिपा सुट्या करायच्या आणि प्रत्येक सांध्यावर खूण करून ठेवायची. देवनागरी आकडे पटाशीने कोरता येत नाहीत, सगळे वळणाचे. मेस्त सरळ रेघाच मारतात: एक, दोन, तीन, मग एक तिरकी. रेघा बाराच्या पुढे गेल्या की ते पटाशी खाली ठेवतात आणि विचारतात, एवढी फळं रानातून आणणार कोण?