नाव नसलेलं पाणी

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या चार्ल्स्टन शहरात वादळं नावाने लक्षात राहतात. सगळ्यांत मोठं नाव ‘ह्यूगो’चं. १९८९च्या २१ सप्टेंबरला मध्यरात्रीच्या सुमारास ते शहराला अगदी खेटून किनाऱ्यावर चढलं आणि बंदरातलं पाणी साडेबारा फुटांवर गेलं. तिथे पातळी मोजतात ती सरासरी नीचतम ओहोटीपासून. रोजची भरती साधारण साडेपाच फुटांची आणि सात फूट झाले की सखल रस्ते पाण्याखाली. २०१७च्या ‘इर्मा’ने ९.९२ फूट गाठले, तेही दूर फ्लोरिडात जमिनीवर येऊन. उलट आदल्याच वर्षीचं ‘मॅथ्यू’ चार्ल्स्टनच्या जवळ किनाऱ्याला लागलं, तरी पाणी इर्माइतकं चढलं नाही. इर्माने भरतीची वेळ बरोबर साधली होती. वादळ किती मोठं, याइतकंच ते घड्याळाच्या कोणत्या काट्यावर आलं, याला महत्त्व असतं.

आता १७ डिसेंबर २०२३ घ्या. हरिकेनचा हंगाम नोव्हेंबरअखेर संपलेला होता, आणि पाणी ९.८६ फुटांवर. तिथे १९२१पासून मोजणी सुरू आहे, तेव्हापासूनची ही चौथ्या क्रमांकाची पातळी. त्या वादळाला नावच नव्हतं.

माझा मुद्दा या बिननावाच्या पाण्याचा आहे. शंभर वर्षांत तिथला समुद्र फूटभराहून अधिक वर आला. साहजिकच, पूर्वी ज्या उधाणाने रस्त्याच्या कडेचं गटार फक्त भरायचं, तेच आता उलटं रस्त्यावर येतं. २०१९ या एका वर्षात सात फुटांची पातळी ८९ वेळा ओलांडली गेली. त्यांतल्या बहुतेक दिवशी वादळ वगैरे काही नव्हतं. लख्ख ऊन, वर निळं आभाळ आणि मोटारींच्या चाकांना खारं पाणी. मुंबई महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी काढते. चार्ल्स्टनकरांना तशी यादी बारमाही हाताशी ठेवावी लागते.

पाणी शिरतं कुठे, तर जिथे ते पूर्वी होतंच तिथे. १६८०च्या सुमारास इंग्रजांची वसाहत आजचं जुनं शहर आहे त्या द्वीपकल्पावर आली, तेव्हा ते खाड्या आणि खाजणांनी चिरलेलं होतं. पुढच्या दोन-अडीच शतकांत लोकांनी कचरा, माती, लाकडाचा भुसा, जे मिळेल ते टाकून भराव घातला. आजचा वॉटर स्ट्रीट आणि पर्यटकांनी फुललेला मार्केट स्ट्रीट हे दोन्ही बुजवलेल्या खाड्यांवरचे रस्ते आहेत. भरतीला जुनी वाट पाठ आहे.

त्यात हे वारसा जपणारं शहर. ऐतिहासिक भागासाठी बांधकामाचे नियम करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर हेच, १९३१मधलं. वारसा समितीला जुन्या घराचं जोतं वाढवणं म्हणजे त्याचा चेहरा बिघडवणं वाटे. इर्मानंतर मात्र घरं उचलायला वाट मोकळी झाली. योग्यच झालं, बुडून कुजलेल्या घराचा वारसा कोण सांगणार? आफ्रिकी अमेरिकी इतिहासाचं नवं संग्रहालय २०२३ मध्ये गॅड्सडेन धक्क्यावर उघडलं, ते तर १३ फूट उंच खांबांवरच उभं आहे. ज्या जमिनीवर गुलाम उतरवले गेले ती मोकळी ठेवायची, हे त्यामागचं कारण. पण पाण्यालाही वाट राहिली.

आता लष्कराच्या अभियंता विभागाने द्वीपकल्पाभोवती आठ मैलांची भिंत सुचवली आहे. खर्च अब्ज डॉलरच्या वर, त्यातला ३५ टक्के वाटा स्थानिकांचा. भिंतीला दरवाजे असतील, मोठ्या वादळाआधी ते बंद होतील. एरवी ते उघडे, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचं पाणी आत येतच राहणार. योजना आखलीच आहे ती वादळी लाटेसाठी. भिंत नकोच, असं मी म्हणणार नाही. ह्यूगोसारखी रात्र पुन्हा येऊ शकते. पण ऐंशी-नव्वद दिवसांच्या पाण्यावर गटारांच्या मुखांना झडपा, पंप आणि सखल भागांतून माघार हेच उपाय आहेत. त्यांच्या उद्घाटनाला कुणी फीत कापायला येत नाही, म्हणून ते मागे पडतात.

आणि भिंतीचा नकाशा नीट पाहावा. ‘बॅटरी’ या किनाऱ्यालगतच्या भागातले श्रीमंतांचे वाडे आत आहेत. उत्तरेकडची रोझमाँट ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती बाहेर. तिला घरं उंचावण्याचा पर्याय देऊ केला आहे. घर उचलता येईल. घरापर्यंतच्या रस्त्याचं काय, याचं उत्तर अभियंत्यांनी पहिला खांब रोवण्याआधी द्यायला हवं.