टपालाचा राखणदार कोण?

गुजरातेत वाडिनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना जुलै २०२५ मध्ये आपल्याच ईमेलचे दार बंद झालेले आढळले. परवान्याचे पैसे भरलेले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु तिच्यातील रशियन भागीदारीमुळे युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने आपली सेवा थांबविली. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली आणि प्रकरण मिटले. तथापि, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान ओंजळवाल्याच्या मर्जीवर कशी अवलंबून असते, हे त्या आठवड्याने दाखवून दिले.

तेलकंपनीला निदान न्यायालयात धाव घेण्याची ऐपत असते. महाविद्यालये, ग्रंथालये, पतपेढ्या, नगरपालिका यांचे काय? पूर्वी संस्थेचा पत्रव्यवहार आवक-जावक नोंदवहीत टिपला जाई आणि मुख्य लिपिकाच्या कपाटात किल्लीबंद राही. आज प्रवेशाच्या तक्रारी, परीक्षा विभागाच्या सूचना, शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाची प्रकरणे हे सारे परक्या कंपनीच्या घरात पडून असते. ते घर पुष्कळदा विनामूल्य मिळते. परंतु त्याचे नियम घरमालक ठरवितो. शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण देणाऱ्या गूगलने २०२१ मध्ये हे धोरण बदलले आणि संपूर्ण संस्थेसाठी मिळून १०० टेराबाइटची सर्वसाधारण मर्यादा घातली, हा अनुभव फार जुना नाही. त्यामुळे आपला ईमेल आपल्याच सर्व्हरवर ठेवावा, असा विचार काही संस्थांत मूळ धरत असेल, तर तो स्वागतार्हच म्हटला पाहिजे.

असा विचार सुरू झाला, की पहिला प्रश्न हमखास विचारला जातो: सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? मग नावांच्या याद्या होतात, वैशिष्ट्यांचे तक्ते मांडले जातात, कोणाचा पडदा अधिक देखणा यावर वाद झडतात. प्रश्न महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु तो पहिला नव्हे.

ईमेलचे काम मुख्यतः तीन हातांनी चालते. पहिला हात बाहेरून आलेली पत्रे स्वीकारतो आणि आतली पत्रे बाहेर पोचवितो. दुसरा ती ज्याच्या त्याच्या पेटीत जपून ठेवतो व मागितली की दाखवितो. तिसरा कचरा आणि फसवी पत्रे दारातच अडवितो. ज्या नियमांनी एक सर्व्हर दुसऱ्याच्या हाती पत्र देतो, ते जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले होते. त्यांत पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या, परंतु पाया तोच राहिला. हे नियम कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत, म्हणूनच लहानशा संस्थेलाही आपले टपालघर थाटण्याचा अधिकार आजही आहे.

त्या काळातला प्रमुख प्रोग्राम म्हणजे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी लिहिलेला सेंडमेल. तो कर्तबगार होता. पण सगळी कामे एकाच अखंड प्रोग्रामात कोंबलेली आणि त्याला संगणकाचे सर्वोच्च अधिकार बहाल केलेले, अशी त्याची रचना होती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सुटलेल्या ‘मॉरिस वर्म’ने हजारो संगणक जेरीस आणले. ज्या वाटांनी तो शिरला, त्यांपैकी एक वाट सेंडमेलमध्ये चाचणीसाठी ठेवलेल्या आणि उघडीच राहिलेल्या दारातून जात होती. डच शास्त्रज्ञ वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहून १९९८ मध्ये सर्वांना खुला केलेला पोस्टफिक्स नेमकी उलट रचना घेऊन आला. त्यात काम अनेक लहान प्रोग्रामांत वाटलेले असते आणि प्रत्येकाला आपल्या कामापुरतेच अधिकार असतात. रोखपालाच्या हाती लेखापरीक्षकाचा शिक्का देऊ नये, हे कोणत्याही कचेरीतील शहाणपण येथे संगणकाला शिकविले आहे. पत्रे जपून ठेवण्यासाठी फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांनी २००२ मध्ये आणलेला डोव्हकॉट याची जोड पोस्टफिक्सला सामान्यतः दिली जाते. आज मेलकाऊसारखी जी तयार संचरूप सॉफ्टवेअरे मिळतात, त्यांच्याही पोटात हीच जोडी असते. निवड करावयाचीच असेल, तर ही जुनी, अनेकांनी पारखलेली आणि जिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो अशी जोडी घ्यावी, असेच आमचे मत आहे. नवे आणि चकचकीत ते पत्रव्यवहारासारख्या नाजूक गोष्टीत दहा वर्षे मागे राहून घेतलेले बरे.

परंतु निवड कितीही उत्तम झाली, तरी ती स्वतःची राखण करीत नाही. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये लिहिलेला एक्झिम हाही प्रतिष्ठित आणि खुला प्रोग्राम. त्यातील एक गंभीर दोष जून २०१९ मध्ये उजेडात आला, तेव्हा दुरुस्त आवृत्ती कित्येक महिने आधीच उपलब्ध होती. तरीही पुढील वर्षी, मे २०२० मध्ये, रशियन लष्करी गुप्तचर त्याच दोषातून सर्व्हरांत शिरत आहेत, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला द्यावा लागला. कारण उघड होते. औषध आले होते. ते रोग्याला देणारे कोणी नव्हते. मार्च २०२१ मध्ये हाच प्रसंग मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंजवर आला आणि स्वतःचा सर्व्हर चालविणाऱ्या हजारो संस्थांत चोर शिरले. त्याच एक्सचेंजच्या २०१६ व २०१९ या आवृत्त्यांचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तेव्हा प्रोग्राम विकतचा असो वा खुला, त्याच्या उशाशी बसणारा माणूस नसेल तर दोन्ही सारखेच धोक्याचे.

म्हणून पहिला प्रश्न असा: राखणदार कोण? ‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. सर्व्हर मात्र पाहावा चालवून. दुरुस्त्या वेळच्या वेळी बसविणे हे एक काम. रोज प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवणे, आणि ती प्रत खरोखर परत उघडते का हे मधून मधून तपासणे, हे दुसरे. आपली पत्रे समोरच्याने स्वीकारावीत यासाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी नीट ठेवणे, हे तिसरे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांवर या तिन्ही नोंदींची सक्ती आहे. एखाद्या विद्यापीठाने निकालाची सूचना धाडली आणि ती विद्यार्थ्यांच्या कचरापेटीत जाऊन पडली, तर सर्व्हर स्वदेशी होता या समाधानाचा त्या विद्यार्थ्याला काय उपयोग? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या रक्षणात हयगय करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हेही विसरून चालणार नाही.

आमच्याकडे असे काम बहुधा संगणकाची आवड असलेल्या एखाद्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडते. तो उत्साहाने सारे उभे करतो, आणि त्याची बदली झाली की परवलीचे शब्दही त्याच्याबरोबर जातात. असा सर्व्हर परक्याच्या घरापेक्षाही वाईट, कारण परक्या घराला निदान पहारेकरी असतो. म्हणून ज्या लहान शाळेला वा ग्रंथालयाला माणूस नेमणे शक्य नाही, तिने स्वतःचा सर्व्हर थाटण्याच्या फंदात पडू नये. तिने आपल्या नावाचे डोमेन तेवढे स्वतःच्या हाती ठेवावे आणि पत्रांची प्रत दरमहा उतरवून घ्यावी. म्हणजे उद्या घर बदलण्याची वेळ आली, तरी पत्ता बदलावा लागणार नाही.

परंतु विद्यापीठांना ही सबब शोभणारी नाही. जर्मनीतील श्लेस्विग-होलस्टाइन या राज्याने ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून अधिक शासकीय पेट्या एक्सचेंजमधून काढून ओपन-एक्सचेंज या खुल्या व्यवस्थेत नेल्या. ते जे करू शकले, त्याहून कितीतरी लहान प्रमाणावर ते एका विद्यापीठाला करणे अशक्य नाही. संगणकशास्त्राच्या पदव्या वाटणाऱ्या संस्थेला स्वतःचे टपाल राखता येऊ नये, यासारखी विसंगती नाही. एकेका महाविद्यालयाने धडपडण्यापेक्षा विद्यापीठाने दोन पूर्णवेळ माणसांची पदे मंजूर करावीत, सर्व कृती लेखी नोंदवून ठेवावी आणि संलग्न महाविद्यालयांना त्या छताखाली घ्यावे. विद्यार्थ्यांनाही पुस्तकातील नियम प्रत्यक्ष चालताना पाहण्याची यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

यंत्रखरेदीची निविदा काढणे सोपे असते, तिचे उद्घाटनही थाटात होते. पदनिर्मितीचा प्रस्ताव मात्र वर्षानुवर्षे टेबलांवरून फिरत राहतो. विद्यापीठांनी हा क्रम एकदा तरी उलटा करून पाहावा. आधी माणूस नेमावा. सॉफ्टवेअरची निवड तोच अधिक डोळसपणे करील.