हाली रुपया घासू नये

दिवाळीत वहीपूजनाकरिता तिजोरीतील हाली रुपये चिंचेने वा राखेने घासून लखलखीत करण्याची आपल्याकडील चाल आम्हांस मान्य नाही. रुपयावरील काळिमा हा मळ नव्हे. हवेतील गंधकाच्या योगाने चांदीवरच धरलेला तो पातळ थर होय. तो घासला की चांदीही झिजते. निजाम उस्मान अली खान (१९११-४८) यांच्या रुपयावर चारमिनारच्या कमानीत 'ऐन' हे अक्षर आहे. ते पुसट झाले म्हणजे जाणता संग्राहक मोडीचाच भाव देतो. आणि मोड तरी केवढी? जुन्या कलदारात चांदी शेकडा सुमारे ९२, हालीत जेमतेम ८२! तयार औषधी द्रावणे तर चिंचेहून घातक. तेलकटपणा असल्यास रुपया दिव्यापासून दूर ॲसिटोनमध्ये बुडवून, न चोळता, वाळू द्यावा. पूजेस पूर्वी घासलेलेच रुपये काढावेत.